औषधाची बाटली आणि नोंदवहीचे दार

मालेगाव म्हटले की पुण्या-मुंबईकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे शहर उभे राहते. आमचे मालेगाव ते नव्हे. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून मेहकरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तेथले हे वऱ्हाडातले तालुक्याचे गाव. अशा गावच्या आणि त्यातून कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहावे ते किमान वेतनावर, बोनसवर किंवा संपावर बोलण्यासाठी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आम्ही आज वेगळाच विषय घेतला आहे. एका देशात शिकलेल्या औषधतज्ज्ञास दुसऱ्या देशात औषध देण्याचा परवाना कसा मिळतो आणि पुष्कळदा तो का मिळत नाही, हा तो विषय.

हा विषय आमच्यापर्यंत आला तो असा. अलीकडे तालुक्या-तालुक्यांतून औषधनिर्माणशास्त्राची विद्यालये निघाली. शेतकऱ्याची, कारकुनाची, एस. टी. कंडक्टरची मुले पदविका घेतात, पदवी घेतात, आणि त्यांतली काही इंग्लंड, अमेरिका, कॅनडा येथे जातात. आईबाप गावात अभिमानाने सांगतात की, मुलगा परदेशात फार्मासिस्ट आहे. मुलगा मात्र पहिली दोन-चार वर्षे औषधाच्याच दुकानात, पण मांडणीवर माल लावण्याचे किंवा गल्ल्यावर बसण्याचे काम करीत असतो. त्याच्याजवळ विद्या असते, पदवी असते, फक्त त्या देशाच्या नोंदवहीत नाव नसते. हे ऐकून कोणी म्हणतो, गोऱ्यांचा पक्षपात. कोणी म्हणतो, आपल्याच पदव्या पोकळ. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, म्हणूनच अपुरी आहेत. ही नोंदवही मुळात का जन्मली आणि तिने आजवर कोणास आत घेतले, कोणास बाहेर ठेवले, हे पाहिल्याशिवाय न्याय करता येणार नाही. आणि तो इतिहास पाहू गेले असता एक चमत्कारिक गोष्ट दिसते: आमच्या वऱ्हाडच्या माणसावर घराचा उंबरठा न ओलांडता ही वेळ एकदा येऊन गेलेली आहे.

प्रथम नोंदवही का, ते पाहू. साठीच्या पुढच्या मंडळींस जुना दवाखाना आठवत असेल. डॉक्टर चिठ्ठी लिहून देत. आतल्या खोलीत कंपौंडर असे. रोगी घरून बाटली घेऊन येई. कंपौंडर मापाच्या पेल्यात औषधे मोजी, खलात पूड घोटी, मिक्स्चर तयार करून बाटलीत ओती आणि बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. रोग्यास अक्षर वाचता आले नाही तरी खाच दिसे. डॉक्टरची विद्या आणि रोग्याचा घसा यांच्यामध्ये उभा असलेला हा माणूस; त्याचा हात चुकला तर डॉक्टरचे सगळे शहाणपण फुकट जावयाचे. एवढी जोखीम ज्याच्या हाती, तो कोठे शिकला, किती शिकला, हे विचारण्याचा अधिकार मात्र कित्येक वर्षे या देशात कोणासच नव्हता.

इंग्लंडात हा प्रश्न आधी उठला. तेथे १८४१ साली औषधविक्रेत्यांनी आपली संस्था काढली, आणि १८६८ च्या कायद्याने विषारी द्रव्ये विकण्याचा अधिकार नोंदवहीतल्या माणसांपुरता ठेवला. या कायद्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जे आधीपासून धंदा करीत होते, त्यांना परीक्षेवाचून आत घेतले गेले; परीक्षा लागली ती मागून येणाऱ्यांना. पुढे जेथे जेथे नोंदवही निघाली तेथे तेथे थोड्याफार फरकाने हेच घडले. पहिल्या दिवशी दार रुंद असते. दुसऱ्या दिवसापासून ते अरुंद होते.

आपल्याकडे १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ साली आला. बाजारात भेसळीची, कमी ताकदीची औषधे सर्रास मिळतात, त्यांवर नियंत्रण हवे आणि औषध देणाऱ्याच्या शिक्षणाची व नोंदणीची व्यवस्था हवी, असा तिचा रोख होता. तथापि औषधांचा कायदा येण्यास १९४० साल उजाडले. पुढे भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात आरोग्याच्या एकंदर व्यवस्थेबरोबर औषधनिर्मात्यांच्या शिक्षणाचाही विचार मांडला. अखेर स्वातंत्र्यानंतर, ४ मार्च १९४८ रोजी, फार्मसी कायदा झाला. मध्यवर्ती परिषद शिक्षणाचे नियम करील आणि प्रत्येक प्रांताची परिषद आपली नोंदवही ठेवील, अशी त्याची रचना.

ही सगळी व्यवस्था फाजील आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने दोन घटना आठवाव्या. १९३७ साली अमेरिकेत सल्फा जातीचे एक औषध पातळ रूपात देण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळविले गेले आणि शंभरावर माणसे, त्यांत पुष्कळशी मुले, दगावली. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९८६ साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच विष मिसळलेले ग्लिसरीन रोग्यांना दिले गेले आणि चौदा जण मेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. या दोन्ही ठिकाणी दोष बाटलीतून औषध देणाऱ्या हाताचा नव्हता, माल बनविणाऱ्याचा आणि तपासणाऱ्याचा होता, हे खरे. परंतु औषधाच्या साखळीतला कोणताही एक दुवा अज्ञानी किंवा बेपर्वा निघाला, तर किंमत कोण देतो, ते यावरून कळते. किंमत देतो तो रोगी. आणि सरकारी रुग्णालयातला रोगी म्हणजे बहुधा कामगार, शेतमजूर किंवा त्याचे मूल. म्हणून नोंदवही नकोच, असे आम्ही कधी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो तिच्या दाराचा.

१९४८ च्या कायद्याने पहिल्या नोंदवहीत कोणास घेतले, ते पाहा. ज्याच्याजवळ औषधशास्त्राची पदवी वा पदविका आहे, तो आत. ज्याच्याजवळ दुसऱ्या विषयाची पदवी आहे पण तीन वर्षे औषधे बनविण्याचा अनुभव आहे, तोही आत. प्रांतिक सरकारने मान्य केलेली कंपौंडरची परीक्षा उतरलेला आत. आणि शेवटी, कसलीही पदवी-परीक्षा नसली तरी रुग्णालयात किंवा दवाखान्यात एकूण पाच वर्षे औषधे बनवून दिलेली असतील, तर तोही आत. हे चौथे कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. पुस्तकातून आलेली विद्या आणि हातातून आलेली विद्या या दोहोंना कायद्याने एका पंगतीस बसविले. जो मनुष्य शाळा अर्ध्यावर सोडून कामाला लागला आणि पुढे कामातूनच शिकला, त्यालाच या कलमाची किंमत खरी कळावी.

परंतु येथेच एक गोम होती. पाच वर्षांचा अनुभव सिद्ध करावयाचा कसा? दाखल्याने. दाखला देणार कोण? ज्याच्या हाताखाली काम केले तो डॉक्टर किंवा ते रुग्णालय. कामगार चळवळीतल्या माणसास हे दुखणे सांगावे लागत नाही. कारखान्यात दहा-दहा वर्षे राबलेल्या माणसाचे मस्टरवर नाव नसते, हजेरीचे कार्ड नसते, पगाराची चिठ्ठी नसते. आणि ग्रॅच्युइटी मागावयास गेले म्हणजे मालक शांतपणे विचारतो, हा इसम आमच्याकडे होता याला पुरावा काय? काम माणसाचे आणि कामाचा कागद मालकाचा, अशी ही विभागणी आहे. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती दार.

आता हा प्रश्न देशाच्या फाळणीशी जोडून पाहा. सिंधमधून निर्वासित आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना ठेवले, तिचेच पुढे १९४९ साली उल्हासनगर झाले. आमच्या अकोल्यातही सिंधी कॅम्प नावाची वस्ती आजतागायत आहे. समजा, या लोकांत शिकारपूरच्या एखाद्या दवाखान्यात वीस वर्षे मिक्स्चर बनविलेला एक कंपौंडर होता. त्याच्या हातात कसब होते, पण ज्या दवाखान्याने दाखला द्यावयाचा तो दुसऱ्या देशात गेला. दाखला देणारा डॉक्टर कदाचित दुसऱ्याच कोठल्या छावणीत जाऊन पडला. पहिली नोंदवही बंद होण्याच्या मुदतीत हा माणूस डोक्यावर छप्पर शोधीत असणार. परिषदेच्या लेखी तो कोण? कोणीच नव्हे. परदेशी शिकलेल्या औषधतज्ज्ञाची अडचण म्हणून आज जे बोलले जाते, ते नेमके हेच आहे. विद्या येथे आली आणि तिचा साक्षीदार तेथे राहिला.

सरकारला ही गोष्ट उमगण्यास दहा-अकरा वर्षे लागली, पण उमगली. १९५९ साली फार्मसी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बत्तीसाव्या कलमास ३२-अ हे कलम जोडले गेले. ४ मार्च १९४८ पूर्वीपासून औषधांच्या धंद्यावर पोट असलेले निर्वासित. भारताबाहेरच्या देशात हा व्यवसाय केलेले भारतीय नागरिक. जो मुलूख मागाहून भारतात आला तेथले रहिवासी. आणि पहिल्या मुदतीत अर्ज करावयाचा राहून गेलेले पात्र लोक, अशा सर्वांस पहिल्या नोंदवहीच्याच अटींवर पुन्हा दार उघडले. म्हणजे पाच वर्षांच्या अनुभवाचे ते चौथे कलम पुन्हा जिवंत झाले. जेथे हा कायदा पुढे केव्हातरी लागू होईल अशा मुलुखाचीही सोय त्यात होती. गोव्यात पणजीला १८४२ साली स्थापन झालेल्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत औषधशास्त्र शिकविले जात असे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा तेथले औषधनिर्माते एका रात्रीत ‘परदेशी शिकलेले’ ठरले. आपल्याच घरात बसून ठरले.

आणि याच ३२-अ कलमात आमच्या वऱ्हाडची गोष्ट आहे. मालेगाव, वाशीम हा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. वऱ्हाड हा मूळचा निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ साली मध्य प्रांतास जोडला गेला, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आता मध्य प्रदेशाच्या नोंदवहीत नाव असलेला वाशीमचा एखादा कंपौंडर डोळ्यांपुढे आणा. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री तो निजला तेव्हा त्याच्या राज्याची राजधानी नागपूर होती. सकाळी उठला तेव्हा त्याच्या नोंदवहीचे राज्य भोपाळला गेले होते आणि तो मात्र होता तेथेच होता. पैनगंगेपलीकडे हिंगोली-परभणीचीही तीच तऱ्हा. कायदा झाला त्या मार्च १९४८ मध्ये तर तो मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि भारतात सामील होण्यास अजून सहा महिने होते. माणसे सीमा ओलांडून जातात हे आपण ऐकतो. येथे सीमाच माणसांना ओलांडून गेली.

३२-अ कलमाने अशा लोकांची स्पष्ट नावे घेतली. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या राज्याच्या नोंदवहीत ज्यांचे नाव होते, पण राहता भाग नव्या राज्यात गेल्यामुळे तेथल्या नोंदवहीत जे येऊ शकले नाहीत, त्यांना आत घ्यावे. आणि जुन्या राज्यात जे पात्र होते, पण नव्या राज्यात केवळ मॅट्रिक किंवा तत्सम परीक्षा झाली नाही म्हणून अडले, त्यांनाही घ्यावे. यातले तत्त्व नीट पाहण्यासारखे आहे. दोन राज्यांचे नियम वेगवेगळे असू शकतात, परंतु राज्याची सीमा हलल्याने माणसाच्या हातातले कसब कमी होत नाही, हे लोकसभेने कायदा करून मान्य केले.

मात्र हे कलम दोनच वर्षे चालू राहावयाचे होते. दोन वर्षे म्हणजे पुष्कळ, असे राजधानीत वाटते. खेड्यात राजपत्र कोण वाचतो? सरकारी कायदा छापला जाणे आणि तो ज्याच्यासाठी केला त्याच्या कानावर जाणे, यांमध्ये कधीकधी मुदतीएवढेच अंतर असते. म्हणून आम्ही आमच्या तरुण कार्यकर्त्यांस नेहमी सांगतो की, मोर्चा काढणे हे संघटनेचे अर्धे काम. उरलेले अर्धे काम म्हणजे राजपत्र वाचून मुदत संपण्याच्या आत माणसास अर्ज भरावयास लावणे.

दार दुसऱ्यांदा उघडावे लागले १९७६ साली. मध्यंतरी जगात पुष्कळ उलथापालथ झाली होती. ब्रह्मदेशात १९६२ साली लष्करी राजवट आली, दुकाने राष्ट्रीय झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे असलेले भारतीय परतले. श्रीलंकेतून १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारान्वये लोक येऊ लागले. पूर्व बंगालमधून निर्वासितांचा ओघ चालूच होता. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने तेथल्या आशियायी लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्यास सांगितले. १९७६ च्या दुरुस्तीने ३२-ब कलम आणले. ज्या विस्थापितांनी किंवा परत आलेल्या भारतवंशीयांनी परदेशात एकूण पाच वर्षे औषधांच्या व्यवसायावर उपजीविका केली असेल, त्यांना नोंदवहीत घेण्याची मुभा त्याने परिषदांना दिली. ब्रह्मदेश, श्रीलंका, युगांडा ही नावे कायद्याच्या स्पष्टीकरणात लिहिलेली आहेत. कायद्याची भाषा कोरडी असते, परंतु या तीन नावांच्या मागे किती बंद दुकाने आणि किती अर्धवट भरलेल्या पेट्या असतील, याची कल्पना करता येते.

याच्या जोडीला कायद्याचे चौदावे कलम आहे. परदेशी पदवी पुरेशा ज्ञानाची हमी देते असे मध्यवर्ती परिषदेस वाटले, तर ती मान्य करता येते. परंतु पदवीधारक भारताचा नागरिक नसेल तर एक अट आहे: त्याच्या पदवीच्या देशात भारतवंशीयांना त्याच पदवीवर व्यवसाय करू दिला जात असला पाहिजे. तुम्ही आमच्यासाठी दार उघडाल तर आम्ही तुमच्यासाठी उघडू, असा हा रोकडा व्यवहार. तो का आला, हे समजण्यास डॉक्टरांचा इतिहास पाहावा. १९३० साली इंग्लंडच्या वैद्यक परिषदेने हिंदुस्थानातल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यातून खळबळ होऊन १९३३ चा हिंदुस्थानी वैद्यक परिषदेचा कायदा झाला. पदवीची मान्यता हा निव्वळ शास्त्राचा प्रश्न कधीच नव्हता. त्यात राज्यकर्त्याचा अभिमान, धंद्याचा स्वार्थ आणि रोग्याची काळजी ही तिन्ही कालवलेली असतात. ती वेगळी करून पाहणे हेच आपले काम.

त्या दृष्टीने आता आपल्या मुलांकडे वळू. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने शिकलेल्या आशियायी माणसास वाट मोकळी झाली. तेथे औषधनिर्मात्याचा परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते, आणि या मंडळांची देशव्यापी संस्था १९०४ पासून आहे. बाहेर शिकलेल्याने प्रथम आपली कागदपत्रे तपासून घ्यावयाची, इंग्रजी बोलण्या-लिहिण्याची परीक्षा द्यावयाची, मग समकक्षतेची परीक्षा. ती झाल्यावर राज्याने ठरविलेले तास परवानाधारकाच्या देखरेखीखाली उमेदवारी. त्यानंतर राष्ट्रीय परवाना परीक्षा आणि बहुतेक राज्यांत कायद्याची आणखी एक. इंग्लंडात सध्याची औषधव्यवसाय परिषद २०१० साली आली. तेथे परदेशी पदवीधरास विद्यापीठात एक वर्षाचा पूरक अभ्यासक्रम, नंतर ५२ आठवड्यांचे प्रशिक्षण आणि शेवटी नोंदणीची परीक्षा, असा रस्ता आहे. कॅनडातही कागदांची छाननी, मूल्यमापनाची परीक्षा, मग दोन भागांची पात्रता परीक्षा आणि त्यानंतर प्रांताचे नियम.

यातले किती रास्त? पुष्कळसे रास्त आहे, असे आमचे मत आहे. आपण ज्यास पॅरासिटामॉल म्हणतो त्यास अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातले आपले साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते, आणि ॲड्रिनलीन हे एपिनेफ्रिन. रोगी दम लागून दारात उभा असताना ही नावे आठवीत बसावयास वेळ नसतो. तेथला कायदा, तेथली व्यापारी नावे, म्हाताऱ्या रोग्यास त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हे सारे नव्याने शिकले पाहिजे आणि त्याची परीक्षा झाली पाहिजे. आपल्या आईला तेथे औषध घ्यावयाचे असते तर आपणही हीच मागणी केली असती.

परंतु सगळेच रास्त नाही. अमेरिकेत असा नियम झाला की, १ जानेवारी २००३ रोजी किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्या परदेशी उमेदवाराचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपली बी. फार्म. पदवी चार वर्षांची. एका तारखेने हजारो मुलांची वाट परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचण्याआधीच बंद झाली. त्यांना नापास केले असते तर बोलण्यास जागा नव्हती; त्यांना बसूच दिले नाही. एका बाकावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी डिसेंबर २००२ मध्ये पदवी घेतलेल्यास दार उघडे आणि पुढच्या वर्षीच्यास बंद. त्या दोघांच्या ज्ञानात असा कोणता फरक पडला? आपल्याकडे २००८ साली सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम सुरू झाला. रुग्णालयात डॉक्टरच्या शेजारी उभे राहून औषधांचा विचार करणारा माणूस तयार व्हावा, हा त्याचा हेतू चांगलाच आहे. परंतु दोन वर्षांची जास्त फी कोण भरू शकतो आणि कोण नाही, हे सोयाबीनच्या भावावर घर चालविणाऱ्या आमच्या तालुक्यात वेगळे सांगावयास नको.

वर्षे मोजणे सोपे, हात तपासणे कठीण. म्हणून व्यवस्था वर्षे मोजते. कारखान्यातही आम्ही हेच पाहतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पाट्या लावल्या जातात. पाटी कामावरून न लागता कागदावरून लागते. आणि येथे संघटनांनीही आपल्या अंगणात पाहिले पाहिजे. इंग्लंडातल्या जुन्या कसबी कारागिरांच्या संघांनी उमेदवारांची संख्या बांधून ठेवली ती कामाचा दर्जा राखण्यासाठी, असे ते म्हणत. मजुरीचा दर टिकावा हाही हेतू त्यात होता. आत असलेल्याचे पोट आणि बाहेर असलेल्याचे पोट यांत भांडण लागते तेव्हा दर्जा हा शब्द दोन्हीकडून वापरला जातो. तो शब्द ऐकला की विचारावे: या अटीने रोग्याचे नेमके काय रक्षण होते? उत्तर मिळाले तर अट राहू द्यावी. न मिळाले तर ती भिंत समजावी.

परक्या भिंतीकडे बोट दाखविताना आपल्या घरची भिंत विसरून चालणार नाही. औषधांच्या नियमांप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले पाहिजे. तरीसुद्धा दुकानात भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले आणि ज्याचे प्रमाणपत्र तो माणूस भलतीकडेच, हे दृश्य महाराष्ट्रात कोणास नवे नाही. २०१२ च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे, असा आग्रह धरला तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला होता. केवढा हा विपर्यास! तिकडे टोरांटोत किंवा लेस्टरात माणूस उभा आहे आणि त्याचा कागद अडलेला आहे. इकडे कागद कामावर हजर आहे आणि माणूस गैरहजर.

मग इकडे प्रत्यक्ष औषध कोण देतो? तो देतो दुकानातला पोऱ्या. आता पोऱ्या राहिलेला नाही, केस पिकले, पण हुद्दा तोच. पंधरा-वीस वर्षे तो उभ्याने काम करतो. कोणती गोळी कोणत्या खणात, कोणते इंजेक्शन फ्रीजमध्ये, डॉक्टरच्या कोणत्या वळणाचा अर्थ काय, हे त्यास अंधारात विचारले तरी सांगता येईल. पगार मात्र अकुशल मजुराचा. १९४८ साली त्याने रुग्णालयात हेच काम पाच वर्षे केले असते तर तो नोंदवहीत आला असता. आज त्यास कोणतीही वाट नाही. औषध हाताळण्याचे सारे काम त्याने करावे आणि कायद्याच्या लेखी तो तेथे नसावाच, अशी त्याची स्थिती आहे. मित्रहो, परदेशी माणूस पाहण्यासाठी विमानात बसावे लागत नाही. आमच्या बाजारपेठेतल्या दुकानाच्या फळीमागे तो उभा आहे.

या माणसास परीक्षेवाचून आत घ्या, असे आम्ही म्हणत नाही. १९४८ ची औषधे वेगळी होती, आजची वेगळी. दोन गोळ्या एकमेकींशी भांडून रोग्याचे मूत्रपिंड निकामी करतात, हे खण पाठ असून कळत नाही; ते शिकावेच लागते. आमचे म्हणणे एवढेच की, शिकण्याची आणि परीक्षेस बसण्याची वाट त्यास असावी, आणि त्याने केलेल्या कामाची त्या वाटेत काही मोजदाद व्हावी.

या सगळ्या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी घेतो. पहिली ही की, परीक्षा हाताची आणि बुद्धीची व्हावी. गावाची, तारखेची किंवा अभ्यासाच्या वर्षांची नव्हे. ज्यास येते त्यास दाखविण्याची संधी द्या. मग खुशाल नापास करा. दुसरी ही की, अनुभवाचा दाखला हा मालकाचा उपकार नसून कामगाराचा हक्क असावा. नेमणुकीचे पत्र, हजेरीचा पुरावा, केलेल्या कामाचे लेखी वर्णन हे ज्याच्या पेटीत आहे, तो देश बदलला तरी सर्वस्वी निराधार होत नाही. परदेशी जाणाऱ्या मुलांनीही पदवीच्या चौकटीपेक्षा अभ्यासक्रमाचा सविस्तर उतारा, परिषदेचे पत्र आणि रुग्णालयातल्या कामाचा दाखला यांची काळजी अधिक करावी; आणि निघण्यापूर्वीच त्या देशाचे नियम मूळ ठिकाणी वाचावे, दलालाच्या तोंडून ऐकू नयेत. तिसरी ही की, दार किती काळ उघडे आहे, हे ज्याच्यासाठी उघडले त्याच्या भाषेत आणि त्याच्या गावात सांगितले जावे.

१९५९ आणि १९७६ या दोन वर्षी आपल्या गरीब देशाने, स्वतःची घडी नीट बसलेली नसताना, उपऱ्या आणि उखडलेल्या माणसांसाठी आपल्या नोंदवहीत जागा केली. त्याने रोग्यांवर आभाळ कोसळले नाही. उलट ज्या गावांत औषध देणारा जाणता माणूस मिळत नव्हता, अशांनाच जाणत्या हातांची गरज होती. श्रीमंत देशांस हे उदाहरण आपण ताठ मानेने सांगू शकतो. मात्र ते सांगण्यापूर्वी भिंतीवरच्या आपल्या प्रमाणपत्राखाली त्याचा धनी उभा आहे की नाही, आणि फळीमागच्या माणसास पुढे येण्याची वाट आहे की नाही, एवढे आपण पाहून घ्यावे.